डीव्हीडीवर चित्र खराब दिसतंय? आधी आवाज ऐका

जुन्या कॅसेटी, कॅमेऱ्यातली आणि फोनमधली शूटिंग डीव्हीडीवर उतरवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. डिस्क परत येते ती बहुतेक वेळा एकाच तक्रारीसोबत: "चित्र फुटतंय." फुटतंय म्हणजे नेमकं काय होतंय, हे विचारल्याशिवाय मी डिस्कला हात लावत नाही. या एका शब्दाखाली निदान सात-आठ वेगवेगळे बिघाड येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून सुरुवात लक्षणांपासून.

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय?

- हालचालीच्या किंवा अंधाऱ्या भागात मऊ कडांचे चौकोन दिसतात, आवाज मात्र सुरळीत चालू असतो.
- हिरवे-गुलाबी भडक चौकोन अचानक उमटतात, चित्र अडकतं, आवाजही तुटतो.
- हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात.
- कोणी पडद्यावरून आडवं चालत गेलं की थरथर होते, जणू दोन पावलं पुढे आणि एक मागे.
- चित्र ठरावीक अंतराने हिसका खातं, किंवा ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात.
- माणसं उंच आणि काटकुळी, नाहीतर बुटकी आणि पसरट दिसतात.
- काळा रंग राखाडी दिसतो, किंवा उलट, केस आणि काळे कपडे यांचा एकच गोळा होतो.
- कुठलाही डाग नाही, पण मूळ फाईलपेक्षा सगळंच पुसट.

पहिली तपासणी: फक्त कान आणि घड्याळ

चौकोन दिसतात त्या क्षणी आवाजाकडे लक्ष द्या. डिस्कवर चित्र आणि आवाज वेगळे साठवलेले नसतात. डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या फाईलमध्ये, म्हणजे व्हीओबीमध्ये, दोन्हींचे छोटे तुकडे एकमेकांत विणलेले असतात; अशा एकेका तुकड्याला सेक्टर म्हणतात, तो २,०४८ बाइटचा. वाचताना चूक सुधारायची सोय असते ती अशा १६ सेक्टरांच्या गठ्ठ्याला मिळून. लेझरला एखादा गठ्ठा नीट वाचता आला नाही आणि चूक सुधारण्यापलीकडे गेली, तर तो सगळा गठ्ठाच बिघडतो आणि चित्रासोबत बहुधा आवाजही अडखळतो. चित्र दाबून लहान करताना झालेलं नुकसान मात्र फक्त चित्राचंच असतं. त्यामुळे चौकोन आहेत आणि आवाज ठणठणीत आहे, तर संशय फाईलवर. चौकोनासोबत आवाजही तुटतोय, तर संशय डिस्कवर, प्लेअरवर किंवा राईट करण्याच्या पद्धतीवर.

वाचनातली एखादी बारीक चूक कधीकधी फक्त चित्रावर निभावते, म्हणून याला जोड द्या. डाग कुठल्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आला ते कागदावर लिहून ठेवा आणि तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर किंवा कॉम्प्युटरवर लावा. त्याच जागी, त्याच आकाराचा डाग सगळीकडे दिसला तर तो फाईलमध्येच आहे. डिस्क पुसून किंवा प्लेअर बदलून काहीही होणार नाही. जागा बदलली, किंवा दुसरीकडे डाग दिसलाच नाही, तर फाईल निर्दोष आहे. आणखी खात्री हवी असेल तर डिस्कवरचं व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) हे फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी अडकली की दोष वाचनाचा. कॉपी सरळ झाली आणि हार्ड डिस्कवरूनही डाग तसाच राहिला, की दोष एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र दाबून फाईल बनवण्याचा.

या दहा मिनिटांनी पुढचे कित्येक तास वाचतात. माझ्याकडे आलेल्या डिस्कांपैकी कितीतरी लोकांनी तीन-तीन वेळा पुन्हा राईट करून पाहिलेल्या होत्या. डाग फाईलमध्ये होता, त्यामुळे तिन्ही डिस्कवर तो इमानाने उतरला होता.

डिस्क, केबल, टीव्ही

डिस्क उजेडात तिरकी धरा. बोटांचे ठसे, तेलकट थर दिसला तर मऊ, स्वच्छ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल फिरवून पुसू नका. डेटा वर्तुळाकार लिहिलेला असतो. पुसताना उमटलेला आडवा ओरखडा लेझर क्षणात ओलांडतो आणि चूक सुधारली जाते. वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एकाच रेषेतला लांबलचक डेटा खातो, तो भरून निघत नाही.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवलंय का तेही पाहा. १.२ मिलिमीटर जाडीची डिस्क वेगात फिरते. लेबल थोडं जरी एका बाजूला सरकलं तरी तोल जातो, आणि काही महिन्यांनी कागद आकसला की डिस्क किंचित वाकते. सुरुवात छान, शेवटी अडकाअडकी असं या डिस्कांचं ठरलेलं वागणं असतं, कारण लिखाण आतून बाहेर जातं आणि वाकण्याचा सगळ्यात जास्त परिणाम बाहेरच्या कडेला होतो. लेबल ओढून काढायला जाऊ नका; सोबत वरचा थर निघू शकतो. जमेल तितकं कॉपी करून घ्या आणि नवी डिस्क बनवा.

केबल: प्लेअरपासून टीव्हीपर्यंत एकच पिवळी पिन जात असेल, तर तुम्ही उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबून पाठवताय. रंगीत कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात ते यामुळेच. प्लेअरला कंपोनंट किंवा एचडीएमआय असेल तर ते वापरा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शार्पनेस खाली आणा. लोक तो वाढवतात, आणि तो वाढवला की चित्रातले बारीक चौकोन आणि कडांभोवतीची पांढरी झाक आणखी उठून दिसते.

माणसं ताणलेली किंवा चेपलेली दिसत असतील तर आधी प्लेअरच्या मेन्यूत टीव्हीचा आकार ४:३ ठेवलाय की १६:९ ते पाहा. तो बरोबर असूनही चेहरे लांबटच असतील, तर डिस्क बनवताना १६:९ ची खूण लावायची राहिली आहे. डीव्हीडीवर रुंद आणि चौकोनी चित्र दोन्ही ७२० पिक्सेल रुंदीतच साठवतात. कसं पसरायचं ते प्लेअरला ही खूण सांगते. बहुतेक डीव्हीडी ऑथरिंग (डिस्क तयार करण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये ती एका क्लिकवर बदलते, एन्कोडिंग पुन्हा करावं लागत नाही. पारखायला भिंतीवरचं गोल घड्याळ किंवा गाडीचं चाक दिसणारा शॉट घ्या. चेहऱ्यावरून डोळा फसतो.

बिटरेटचा हिशेब

आवाज नीट आणि चौकोन मऊ, असं असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे ३७,६०० मेगाबिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार येतो सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट, हाच बिटरेट. त्यातून आवाज, मेन्यू आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्राच्या वाट्याला ४.८ च्या आसपास उरतात. हे चालण्यासारखं आहे. तीन तास भरले तर हातात जेमतेम ३.१ उरतात, आणि डीव्हीडीचं एमपेग-२ हे जुनं कॉम्प्रेशन तेवढ्यात पूर्ण आकाराचं हलतं चित्र सांभाळू शकत नाही. सॉफ्टवेअरमधला "डिस्कवर मावेल असं करा" हा पर्याय न विचारता हेच करतो. तुम्ही तीन तास घातलेत, त्याने तीन तास बसवले.

एकदा स्टेजवरच्या नाचाच्या कार्यक्रमाची अशी डिस्क माझ्याकडे आली. मागे काळा पडदा, वर लाल-निळे फिरते दिवे, मध्येच धूर. उभं राहून बोलणारा निवेदक अगदी स्वच्छ दिसत होता. नाच सुरू झाला की काळ्या पडद्यावर फरशीसारखे चौकोन पसरायचे आणि दिवा फिरला की ते सगळे एकदम रंग बदलायचे. डिस्कवर २ तास ५० मिनिटं होती. मध्यंतराला कापून दोन डिस्क केल्या, बाकी काहीही बदललं नाही, आणि धुरातले दिव्यांचे झोत वेगवेगळे दिसायला लागले.

हे करताना चार गोष्टी सांभाळा. एन्कोडिंग दोन फेऱ्यांचं ठेवा: पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठे हालचाल जास्त आहे ते पाहतं, दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतं. वरची मर्यादा मात्र ८ च्या पुढे नेऊ नका. नियमाने चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, पण घरी राईट केलेली डिस्क वाचताना पुष्कळ प्लेअर त्या टोकाला दम टाकतात आणि मग चित्र अडकतं. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेला, असेल तर तो डॉल्बी डिजिटलमध्ये बदला. पीसीएम एकटाच सेकंदाला १.५ मेगाबिट खातो, डॉल्बी डिजिटलच्या दोन चॅनलना ०.२ च्या आसपास पुरतात. उरलेलं सगळं चित्राला मिळतं.

चौथी गोष्ट जुन्या कॅसेटवाल्यांसाठी, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. कॅसेटमधली सळसळती कुरकुर एन्कोडरला हालचाल वाटते. भिंत स्थिर असते, पण तिच्यावरचा प्रत्येक दाणा दर चित्रात बदलतो, आणि बिट तिकडे वाया जातात. एन्कोड करण्याआधी हलकासा नॉईज फिल्टर लावा, अगदी हलका, नाहीतर चेहरे मेणाचे होतील. व्हीएचएसच्या चित्रात अगदी तळाला फाटलेली, वळवळणारी पट्टी असते. ती काळ्या पट्टीने झाका. आणि तीन तास एकाच डिस्कवर घालणं खरंच भाग असेल तर व्हीएचएससाठी ७२० ऐवजी ३५२ पिक्सेल रुंदी निवडा. ती डीव्हीडीच्या नियमात बसते, व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच तेवढा नसतो, आणि त्याच बिटरेटमध्ये चौकोन स्पष्टपणे कमी होतात.

हे सगळं करूनही चौकोन राहिले तर मूळ फाईल उघडून पाहा. मेसेजिंग ॲपवरून आलेला व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. त्यात जे गेलं ते डीव्हीडी परत आणू शकत नाही. ज्याने शूट केलं त्याच्याकडून फोनमधली मूळ फाईल मागवा.

कंगवा आणि थरथर

टेपवर आणि जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत साठवलं जातं: एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम. अशा अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात. पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ५० फील्ड. दोन फील्डमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. कॉम्प्युटर ही दोन्ही फील्ड एकदम दाखवतो तेव्हा हाताला कंगव्याचे दात फुटतात. हा बिघाड नाही. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (फील्ड वेगळी करून दाखवण्याचा पर्याय) चालू करा. दात गेले आणि टीव्हीवरही चित्र गुळगुळीत असेल, तर फाईलला हात लावू नका.

थरथर हा मात्र खरा दोष आहे, आणि तो फील्डचा क्रम उलटल्याने येतो. डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं, एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत वरचं. क्रम चुकला की नंतरचा क्षण आधी दिसतो आणि आधीचा नंतर. मी पारखतो ते असं: कोणी हात हलवून निरोप देतंय किंवा सायकल आडवी जातेय, असा शॉट टीव्हीवर लावतो. मागचं झाड शांत आणि फक्त हात थरथरतोय, तर क्रम उलटा आहे. मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये मूळ फाईल उघडली की क्रम लिहिलेला दिसतो. एन्कोडरला तोच सांगायचा. दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर टाकून टीव्हीवर पाहा आणि मगच पूर्ण काम लावा.

टीव्हीवरही जाड, दुहेरी रेघा दिसत असतील आणि डीइंटरलेस करूनही जात नसतील, तर कुणीतरी फील्ड वेगळी न करताच चित्राची उंची बदलली आहे. दोन्ही फील्ड एकमेकांत कायमची मिसळली आहेत आणि ती आता सुटी होत नाहीत. मूळ फुटेजकडे परत जा.

पांढऱ्या अक्षरांच्या बारीक आडव्या रेषा लुकलुकत असतील तर त्यांची जाडी वाढवा. एकच रेघ जाडीची रेष एकाच फील्डमध्ये येते आणि दर दुसऱ्या फील्डला गायब होते.

हिसके, सुटलेला आवाज, काळा रंग

फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, पॅल डिस्क २५ मागते. दर सेकंदाला पाच चित्रं टाकावी लागतात, आणि कॅमेरा आडवा फिरला की ते पाच हिसके डोळ्याला टोचतात. तुमचा प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० चित्रांची पद्धत, दाखवत असतील, आणि बहुतेक दाखवतात, तर अशा शूटिंगची एनटीएससी डिस्क बनवा. शिवाय बरेच फोन अंधारात चित्रांचा वेग आपोआप कमी करतात. हा बदलता वेग एडिटिंग सॉफ्टवेअरला कळला नाही की आवाज सुरुवातीला जुळलेला आणि शेवटी सुटलेला असतो. आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये फाईल एकसारख्या वेगाची करून घ्या, मग एडिटिंगला लागा.

रंगांबद्दल थोडक्यात: डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटरच्या चित्रात ० आणि २५५ वर. रूपांतर दोनदा झालं किंवा राहूनच गेलं की काळा राखाडी होतो किंवा सावल्यांचा गोळा होतो. बाजारातून घेतलेली एखादी फिल्मची डिस्क लावून पाहा. तीही तशीच दिसली तर दोष टीव्हीच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगचा, तुमच्या फाईलचा नाही.

सगळंच पुसट

पॅल डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोनचं फुल एचडी २०,७३,६००. बरोबर पाचवा हिस्सा. तो पाचवा हिस्सा मोठ्या टीव्हीवर ताणला की मऊ दिसणारच. त्यावर फिल्टर लावून काही मिळत नाही. मूळ शूटिंग एचडी असेल आणि पाहणाऱ्याकडे नवा टीव्ही असेल, तर मी सरळ सांगतो की डीव्हीडी करू नका, फाईल पेनड्राइव्हवर घ्या.

राईट करताना

आवाज तुटणाऱ्या डिस्कांसाठी हे. १६एक्स वेगापर्यंतच्या डिस्कवर मी ८एक्स वेगाने लिहितो. अगदी सगळ्यात कमी वेग चांगलाच असतो असं नाही, कारण रायटरमध्ये त्या जातीच्या डिस्कसाठी ठरवलेली लेझरची मात्रा त्या वेगाला जुळेलच असं नाही. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, म्हणजे लिहिलेलं वाचून मूळ फाईलशी ताडून पाहा. डिस्क काठोकाठ भरू नका, ४.२ जीबीला थांबलं तर सगळ्यात बेभरवशाची बाहेरची कड टळते. रायटर मोजून देत असेल तर पीआय एरर, म्हणजे वाचनातल्या चुकांची मोजणी, पाहा: वर सांगितलेल्या १६ सेक्टरांच्या आठ गठ्ठ्यांची बेरीज २८० च्या खाली हवी, आणि शेवटाकडे आलेख एकदम चढत असेल तर दुसऱ्या बनावटीच्या डिस्क घ्या.

पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क फक्त चाचणीला ठेवा. साधी डिस्क लेझरचा ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत फेकते, पुन्हा लिहिता येणारी १८ ते ३० टक्के. जुने प्लेअर तिथे हरतात. दुहेरी थराच्या डिस्कवर मध्येच एकदा क्षणभर चित्र थांबतं, ती थर बदलण्याची जागा आहे, बिघाड नाही.

प्लेअर, आणि कुठे थांबायचं

विकतच्या फिल्मसुद्धा अडकत असतील तर ब्रशवाली लेन्स क्लीनर डिस्क एकदा, फार तर दोनदा चालवा. "सीडी नीट वाजते, म्हणजे लेन्स ठीक आहे" हा निष्कर्ष काढू नका. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. एक दमलेला आणि दुसरा धडधाकट असू शकतो.

यापुढे प्लेअर उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहू शकतो, आणि लेझर उघड्या डोळ्याला इजा करतो. लेन्सजवळचा छोटा स्क्रू फिरवून लेझर वाढवायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. चार दिवस डिस्क वाचल्या जातात आणि मग लेझर कायमचा जातो. पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्सचा भाग, बदलणं दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. नव्या प्लेअरची किंमत विचारून मगच ते करायचं की नाही ठरवा.

डिस्क एकुलती एक असेल तर नियम आणखी कडक. अडकतेय हे कळल्यावर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, टूथपेस्ट चोळू नका. डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने आधी इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल, काढा. तो वाचता येणारा भाग पहिल्यांदा उचलतो आणि अडलेल्या जागांची नोंद ठेवून त्यांच्याकडे नंतर वळतो. शक्य असेल तर उरलेले सेक्टर वेगळ्या ड्राइव्हवर वाचून पाहा, मला त्याने पुष्कळदा यश आलं आहे. खालच्या बाजूचा ओरखडा व्यावसायिक मशीनवर पॉलिश होऊ शकतो, कारण डेटा ०.६ मिलिमीटर आत आहे. पण कडेला दोन थर सुटलेले दिसले किंवा खालचा रंग डागाळलेला दिसला, तर पॉलिशने काही होत नाही; तिथे डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जा.

कॅमेऱ्यातली ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क कॉम्प्युटरला रिकामी दिसत असेल, तर ती बहुधा फायनलाइझ झालेली नाही, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नाही; शूटिंग आत असतं. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तो चालू असेल तर त्यातूनच फायनलाइझ करा. कॅमेरा बंद पडला असेल तर आयसोबस्टर या प्रोग्रॅमने वाचून पाहा. दोन्हीकडे "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असा प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. "नाही" म्हणा, डिस्क बाहेर काढा, आणि खात्री नसेल तर तशीच रिकव्हरीवाल्याच्या हातात द्या.